रविवारी लिहिलेले किलोमीटर

गेल्या पावसाळ्यात आमच्या टीमच्या बोर्डवर एक तिकीट आलं : ‘युजरला मागच्या तारखेची फेरी नोंदवता आली पाहिजे.’ एवढंच. अंदाजे दोन दिवसांचं काम.

अ‍ॅप अमेरिकेतल्या एका क्लायंटचं आहे. तिथे स्वतःचा धंदा करणारा माणूस, मग तो प्लंबर असो, घरांचा एजंट असो की फोनवर भाडी घेणारा टॅक्सीवाला, स्वतःची गाडी धंद्यासाठी जितके मैल चालवतो, तितक्या मैलांच्या हिशेबाने त्याला करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते. २०२५ साली हा दर मैलाला ७० सेंट होता. म्हणजे वर्षाला दहा हजार मैल फिरणाऱ्याला सात हजार डॉलरची वजावट. फक्त ते मैल सिद्ध करावे लागतात. कोणत्या तारखेला, कुठे, किती आणि कशासाठी. आमचं अ‍ॅप जीपीएसवरून फेऱ्या आपोआप टिपतं. युजरने ‘धंदा’ की ‘खासगी’ एवढं सांगायचं आणि कारण लिहायचं.

तिकिटावरून मीटिंगमध्ये वाद झाला. आमची टेस्टर म्हणाली, “मागची तारीख टाकू दिली तर लोक घरी बसून गोष्टी रचतील. लॉग म्हणजे लॉग. घडलं तेव्हाच लिहिलं गेलं तर त्याला अर्थ.” आमच्या कामात ते बरोबरच आहे. सर्व्हरचा लॉग कुणी रविवारी बसून आठवून लिहीत नाही.

मी गप्प बसलो. कारण आमचं घर बरीच वर्षं रविवारी आठवून लिहिलेल्या लॉगवर चाललं होतं.

* * *

बाबा एमआर होते. औषध कंपनीचे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, हेडक्वार्टर सातारा. कराड, वाई, फलटण, वडूज, कोरेगाव असे त्यांचे वार ठरलेले. आधी स्कूटर होती, मग हिरो होंडा आली. कंपनीला रोजच्या भेटींचा रिपोर्ट लागायचा, त्याला डीसीआर म्हणायचे, आणि महिन्याच्या शेवटी खर्चाचं स्टेटमेंट. डीसीआर नियमाने रोज रात्री भरायचा असतो. आमच्याकडे तो रविवारी संध्याकाळी भरला जायचा. बाबा सतरंजीवर बसायचे. समोर डायरी, डॉक्टरांची यादी, पेट्रोलच्या पावत्या. मला खाली पिटाळायचे, गाडीचा आकडा वाचून ये म्हणून. मी पाच आकडे तोंडात घोळवत जिना चढायचो. वाटेत कुणी हाक मारली की विसरायचो आणि परत खाली जायचो.

पण कंपनी पैसे द्यायची ते गाडीच्या आकड्यावर नाही, फेअर चार्टवर. कुठल्या गावाहून कुठलं गाव किती किलोमीटर, ते त्या चार्टमध्ये छापलेलं असायचं. त्यात सातारा-वडूज हे अंतर कोरेगाव, पुसेगाववरून धरलेलं होतं. बाबा जायचे रहिमतपूर, औंध करत, कारण औंधला त्यांचे दोन डॉक्टर होते. एका वर्षी ऑफिसने तीन महिन्यांचा फरक कापला आणि पत्रात लिहिलं, की अंतर ‘फुगवलेलं’ दिसतं. रक्कम फार मोठी नव्हती. शब्द लागला. बाबांनी ते पत्र फाडलं नाही, डायरीत घडी घालून ठेवलं. अजून आहे.

या तिकिटाच्या निमित्ताने मी अमेरिकेतल्या मैलांच्या नोंदींचा इतिहास वाचायला लागलो. सुरुवातीलाच भेटलं ते असंच एक ‘फुगवलेलं’ अंतर. आणि ते लावणाऱ्यांच्या यादीत अब्राहम लिंकनचं नाव होतं.

* * *

डिसेंबर १८४८. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली रिकाम्या झालेल्या एका जागेवर निवडून येऊन तीन महिन्यांसाठी अमेरिकन काँग्रेसचा सदस्य झाला होता. सदस्यांना घरापासून वॉशिंग्टनपर्यंत येण्याजाण्याचा भत्ता मिळायचा. दर वीस मैलांना आठ डॉलर, म्हणजे मैलाला ४० सेंट. अंतर मोजायचं ‘नेहमीच्या वाटेने’, असं कायदा सांगायचा. नेहमीची वाट कुठली, ते सदस्यच सांगायचे.

ग्रीलीने पोस्टाच्या नोंदींमधून प्रत्येक सदस्याच्या गावाचं सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर काढलं, त्याच्या शेजारी सदस्याने लावलेलं अंतर मांडलं, फरकाचे डॉलर लिहिले आणि सगळा तक्ता नावांसकट पेपरात छापून टाकला. इलिनॉयच्या स्प्रिंगफिल्डहून आलेल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या लिंकनच्या नावापुढे होतं : पोस्टाच्या वाटेने ७८० मैल, लावलेले १६२६. फरक ८४६ मैलांचा, जाऊन-येऊन १६९२. जास्तीचे ६७६ डॉलर ८० सेंट. मी गुणाकार करून पाहिला, जुळतो.

आता यात लिंकन खोटं बोलला का? ग्रीलीचंही तसं म्हणणं नव्हतं. सगळ्यांनी कायद्याने मिळतं तेवढंच घेतलं असं मी धरून चालतो, पण मग हा कायदा बदलायला नको का, असा त्याचा सवाल होता. रेल्वे आणि आगबोटी आल्यावर लांबची वाटच सोपी झाली होती. घोड्यावरून जवळच्या वाटेने जाण्यापेक्षा लोक वळसा घालून आरामात यायचे. तीही ‘नेहमीची वाट’च. तरी सहकारी ग्रीलीवर भयंकर चिडले. स्वतः काही न लपवलेल्या माणसालासुद्धा आपलं अंतर दुसऱ्याने मोजलेलं आवडत नाही. मला औंध आठवलं.

या भांडणात एक गोष्ट मात्र कुठेच नाही : प्रवासाची नोंद. कोण कधी निघाला, कुठून गेला, कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. भांडण दोन नकाशांमधलं होतं. प्रत्येक फेरी त्या-त्या माणसाने लिहून ठेवावी ही कल्पना नंतरची, आणि ती आयकरातून आली.

* * *

अमेरिकेत आजचा आयकर १९१३ पासूनचा. धंद्याला लागणारा नेहमीचा आणि गरजेचा खर्च उत्पन्नातून वजा करायचा, हे तत्त्व तेव्हापासूनचं. पण खर्च झाला हे दाखवायचं कसं?

हा प्रश्न कोर्टात नेला तो ब्रॉडवेच्या एका स्टारने. जॉर्ज एम. कोहॅन नट होता, नाटककार होता, गीतकार आणि निर्मातासुद्धा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने प्रवास आणि पाहुणचारावर बराच पैसा उडवला. नटांना जेवायला घातलं, समीक्षकांना खूश ठेवलं, वकिलाला घेऊन गावोगाव फिरला. त्याच्या अंदाजाने सगळे मिळून ५५ हजार डॉलर. हिशेब? एकही नाही. कर खात्याने सगळा दावा फेटाळला, अपिलाच्या मंडळानेही फेटाळला. १९३० साली प्रकरण न्यायाधीश लर्नेड हँड यांच्यासमोर आलं. त्यांचं म्हणणं साधारण असं : या माणसाने काही ना काही खर्च केला हे तुम्हीही मान्य करता. नक्की आकडा कळत नाही म्हणून शून्य देणं योग्य नाही. जमेल तितका जवळचा अंदाज बांधा. अंदाज बांधताना वाटलं तर त्याच्या विरोधात झुका, कारण घोळ त्यानेच घातला आहे. पण काहीतरी द्या.

हा ‘कोहॅन नियम’ तीसेक वर्षं भक्कम टिकला, आणि काही खर्चांसाठी अजूनही आहे. वाचताना पहिल्यांदा मला तो फार माणुसकीचा वाटला. मग लक्षात आलं, की त्याचा फायदा सगळ्यांत जास्त कुणाला होणार. ज्याचा खर्च मोठा, ज्याचा वकील चांगला, त्याला. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत कंपनीच्या पैशाने जगण्याची एक संस्कृतीच तयार झाली. क्लब, बोटी, नाटकांची तिकिटं, सगळं ‘धंद्यासाठी’. एप्रिल १९६१ मध्ये केनेडींनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात या प्रकारावर बोट ठेवलं. १९६२ च्या कायद्याने प्रवास, पाहुणचार आणि भेटवस्तू यांच्यापुरता कोहॅनचा अंदाज बंद केला. आता रक्कम, वेळ, ठिकाण आणि धंद्याचं कारण दाखवायचं, आणि पाहुणा किंवा भेट असेल तर समोरच्या माणसाशी असलेला धंद्याचा संबंधसुद्धा. एकही तुकडा कमी पडला तर शून्य.

मात्र यात ‘प्रवास’ म्हणजे गाव सोडून केलेला प्रवास. आपल्याच गावात दुकानोदुकानी, घरोघरी गाडीने फिरणारा माणूस या कचाट्यातून सुटला. त्याच्यासाठी कोहॅन चालू राहिला. उलट १९६४ मध्ये कर खात्याने त्याची एक कटकट कमी केली. पेट्रोल, टायर, घसारा असा वेगवेगळा हिशेब नको असेल, तर मैलाला ठरावीक दर घ्या. पहिल्या १५ हजार मैलांना १० सेंट, त्यापुढे ७ सेंट. आमच्या अ‍ॅपमधल्या ७० सेंटांचा पूर्वज हाच. पावत्यांची पिशवी गेली, मैल मोजणं राहिलं.

* * *

आणि मग १९८४ साल आलं, एका शब्दाचं साल.

ऐंशीच्या दशकात महागड्या गाड्या ‘धंद्याच्या’ म्हणून दाखवून त्यांचा घसारा वजा करण्याचं पेव फुटलं होतं. काँग्रेसने जुलै १९८४ च्या कायद्यात दोन गोष्टी केल्या. अशा गाड्यांच्या घसाऱ्यावर मर्यादा घातली. आणि गाडीचा सगळा वापर, गावातलासुद्धा, १९६२ च्या कडक नियमाखाली आणून त्यात एक विशेषण घुसवलं : कंटेम्पोरेनियस. नोंद ‘त्याच वेळी केलेली’ हवी. ती तशी आहे हे कर भरून देणाऱ्या एजंटाने माणसाकडून लेखी घ्यायचं. नियम १ जानेवारी १९८५ पासून लागू.

तुम्ही शेतकरी आहात असं समजा. सकाळी पिकअप काढून खत आणायला गेलात, येताना मुलाला शाळेतून घेतलंत, मग पंप दुरुस्तीला टाकलात. प्रत्येक टप्प्याला थांबून, आकडा बघून, वहीत लिहायचं. पावसात, चिखलाच्या हातांनी. सेल्समनने दिवसाच्या पंधरा थांब्यांवर हेच करायचं. देशभर संताप उसळला, काँग्रेसच्या सदस्यांकडे तक्रारींचा पूर आला. ज्यांच्यासाठी कायदा होता ते महागड्या गाडीवाले वही लिहायला माणूस ठेवू शकत होते. वही येऊन पडली ती प्लंबरच्या मांडीवर.

२४ मे १९८५ ला रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि तो शब्द काढून टाकला. नुसता काढला नाही, तर जणू तो कधी नव्हताच असा काढला. पाच महिने जगलेला शब्द. शववाहिका, रुग्णवाहिका, खुणा रंगवलेल्या पोलिसांच्या गाड्या, ट्रॅक्टर यांना तर नोंदीतूनच सूट मिळाली. शववाहिका घेऊन कोण फिरायला जातं, हे सरकारलाही पटलं असावं.

पण कडक नियम गेला नाही. गावातल्या मैलांसाठी कोहॅनचा अंदाज परत आला नाही. नोंद हवी, किंवा स्वतःच्या म्हणण्याला आधार देणारा पुरेसा पुरावा हवा. रिटर्नच्या फॉर्मवर दोन साधे प्रश्न आले, ते आजही आहेत : तुमच्याकडे पुरावा आहे का? असल्यास तो लेखी आहे का? दोन्हीला हो किंवा नाही. खोटं ‘हो’ लिहायला हात थोडा अडखळावा, एवढीच त्यांची ताकद.

त्यानंतर आलेल्या नियमावलीतलं एक वाक्य मी तिकिटाच्या कामात तीनदा वाचलं. त्याचा अर्थ असा : नोंद त्याच क्षणी केलेली असण्याची सक्ती नाही. पण घटनेच्या जवळपास केलेल्या नोंदीला, नंतर तयार केलेल्या निवेदनापेक्षा जास्त वजन मिळेल. आणि आठवड्याला एकदा भरलेला, त्या आठवड्याचा हिशेब देणारा लॉग हा ‘जवळपास’ केलेलाच मानला जाईल.

आठवड्याला एकदा. सतरंजी, डायरी, पेट्रोलच्या पावत्या.

* * *

हे सगळं फक्त तिकडचं नाही. आपल्याकडे सरकारी जीपच्या डॅशबोर्डवर लॉगबुक असतं, ड्रायव्हर आकडा लिहितो आणि साहेब सही करतात. आयकर नियम, १९६२ मधल्या नियम ३ नेही कंपनीची गाडी पूर्णपणे कामासाठीच वापरली असं म्हणायचं, तर तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची नोंद मालकाने ठेवावी असं सांगितलं. फरक एवढाच, की बाबांसारख्या दुचाकीवाल्याचा हिशेब कर खात्यापर्यंत पोचतच नाही. तो कंपनीच्या चार्टपाशी संपतो. २०१८ पासून अमेरिकेतल्या नोकरदार सेल्समनचंही तेच झालं आहे. पगारी माणसाची ही वजावट नव्या कायद्याने बंद झाली. मैल मोजायचे ते आता मुख्यतः स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी.

इथे मला खरं तर थांबता आलं असतं. बाबांची रविवारची डायरी अमेरिकेच्या नियमात बसते, छान. पण दिवाळीला घरी गेलो तेव्हा ते जुनं पत्र बघायला म्हणून मी डायऱ्या काढल्या, आणि २००५ च्या डायरीत २२ डिसेंबरचं पान उघडलं. गुरुवार. बाबांच्या अक्षरात : फलटण, सात डॉक्टर.

ती तारीख मला पाठ आहे. आमच्या अल्बममध्ये माझा एक फोटो आहे, शाळेच्या गॅदरिंगचा. मी मावळा झालो होतो, फेटा डोळ्यांवर आलाय, शेजारी बाबा उभे आहेत. खाली कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेले नारिंगी आकडे : २२ १२ ०५. त्याच वेळी केलेली नोंद. माणसाचा हात न लागलेली.

मी फोटो आणि डायरी दोन्ही बाबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

“फलटण मी शनिवारी केलं. तुझ्या गॅदरिंगसाठी गुरुवार सोडला, मग शनिवारी लोकल असायचं त्याऐवजी गेलो. लोकलचे दोघं-तिघं रविवारी सकाळी घरी गाठले.” मग थोडं थांबून म्हणाले, “किलोमीटर खरे आहेत रे. वार खोटा आहे.”

अमेरिकेच्या कर तपासनिसापुढे हे टिकलं नसतं. चार तुकड्यांपैकी वेळ चुकली. शिवाय एक तारीख खोटी निघाली, की बाकीच्या तीनशे पानांवरचा विश्वास उडतो. मी मात्र त्या पानाकडे बघून ‘खोटं’ म्हणू शकलो नाही, आणि ‘खरं’ही म्हणू शकलो नाही. आज बाबांच्या जागी जो कुणी फिरत असेल, त्याच्या फोनमध्ये तो कुठे आहे ते टिपणारं अ‍ॅप असण्याची शक्यता मोठी आहे. आमच्यासारख्याच कुणीतरी लिहिलेलं. नोंद चोख होईल. गुरुवारी तो फलटणलाच असेल, आणि त्याच्या पोराचा फेटा दुसरं कुणीतरी बांधेल.

अमेरिकेतला प्लंबर ही नोंद स्वतःसाठी ठेवतो, आपला हक्क शाबीत करायला. तीच नोंद दुसऱ्याच्या हातात गेली की माणसावरचा पहारा होते. कोड दोन्हीकडे जवळजवळ तोच. फरक आहे तो वही कुणाच्या घरी राहते आणि त्यात कोण लिहू शकतं, याचा.

* * *

तिकीट आम्ही शेवटी असं सोडवलं : प्रत्येक फेरीला दोन तारखा. एक फेरी झाली ती, दुसरी ती लिहिली गेली ती. दुसरी युजरला बदलता येत नाही. फेरीत दुरुस्ती केली तर जुनी नोंद मागे तशीच राहते. सात दिवसांच्या आत लिहिलेल्या फेरीवर काही खूण येत नाही, त्यानंतरच्या फेरीपुढे ‘इतक्या दिवसांनी नोंदवली’ असं छापून येतं. सात दिवस का, ते समजावताना मी नियमावलीतलं वाक्य दाखवलं. टेस्टरने वाचलं आणि म्हणाली, “ठीक आहे. रविवार चालेल.”

परवा साताऱ्याला गेलो तेव्हा बाबांना गाडीत बसवून अ‍ॅप चालू केलं. टेस्ट म्हणून सातारा ते वडूज. त्यांनी सांगितलेल्या वाटेने. रहिमतपूर, औंध. वडूजला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी फोन हातात घेतला आणि नकाशावरची निळी रेघ बोटाने मोठी करून पाहिली. औंधपाशी बोट थांबलं.

“इथून गेलो ते दिसतं की यात.”

“दिसतं. पण कशासाठी गेलो ते त्याला कळत नाही. ते आपण लिहायचं. काय लिहू?”

बाबांनी फोन परत दिला.

“लिही, डॉक्टर औंधला बसतात.”